मला झोप लागली आणि गाडी चुकली

आमच्या गावात गजराचं घड्याळ लावायची पद्धत नव्हती, कारण गावात मी होतो.

गाव धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. मुक्कामाची एस.टी. रात्री यायची, ड्रायव्हर-कंडक्टर विहाराच्या ओट्यावर पथारी टाकायचे आणि पहाटे पावणेपाचला तीच गाडी मुरबाडवरून कल्याणला निघायची. ती गेली की पुढची थेट नऊनंतर, तीही आली तर. भाजी विकणारे, शाळेचे मास्तर, मुरबाडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे माझ्यासारखे, सगळ्यांचा दिवस त्या गाडीवर अवलंबून. आणि गाडी माझ्यावर!

हे पद मी मागितलेलं नव्हतं. झालं असं, की कारखान्यात मला बढती मिळाली. म्हणजे पगार तोच, काम तेच, फक्त स्टोअरच्या चाव्या माझ्याकडे आल्या. चाव्या आल्या आणि झोप गेली. अंथरुणावर पडलो की वाटायचं, कुलूप लावलं ना? लावलं. ओढून बघितलं ना? बघितलं. आणि मागच्या दरवाजाचं? स्टोअरला मागचा दरवाजा नव्हता. पण तो नाही याची मनाची खात्री पटेपर्यंत कोंबडा आरवायचा.

अशाच एका पहाटे मी ओट्यावर डोकं धरून बसलो होतो. शेजारचे काशिनाथकाका टमरेल घेऊन निघाले. काका कल्याणच्या मार्केटात भाजी नेतात.

"कोण रे? भास्कर? झोप नाय?"

"नाय ना काका. किती दिवस झाले, डोळ्याला डोळा नाय."

दुसऱ्या कुणी हळहळ व्यक्त केली असती. काकांचा चेहरा खुलला.

"मग असं कर ना, उद्यापास्नं मला हाक मारत जा! दोनदा गाडी चुकली रे माझी. सगळी भेंडी गुरांना घातली."

मी हाक मारली. (आपण जागेच आहोत, तर एक हाक मारायला काय जातं, असा विचार करणाऱ्या त्या भास्करचा मला आजही राग येतो!) दुसऱ्या आठवड्यात काकांचे भाजीवाले सोबती आले, "आमालाबी मार." मग मास्तर आले. ते शिकलेले, त्यांनी विनंती केली. मग कुणाची म्हैस व्यायला झाली की, "तू जागाच असतोस, जरा लक्ष ठेव." कुणाच्या खळ्यावर भात पडलेलं असलं की, "तू जागाच असतोस, जरा फेरी मार." शेवटी एके दिवशी खुद्द ड्रायव्हर साहेबराव आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, मलापण उठवत जा. माझं घड्याळ मी घरी पोरीला दिलं शाळेला."

आता मी झोपलो तर नुसता माणूस नाही, सरकारी वाहन झोपणार होतं.

घरात मात्र वेगळाच गोंधळ. मला झोप लागत नाही हे घरचे मान्यच करेनात. बायको, संगीता, म्हणायची, "रात्री केवढ्यानं घोरत व्हतात!"

"मी जागा होतो."

"मग जागेपणी घोरत व्हतात."

आई म्हणायची, "नाय गो, मी बघितला, डोळे उघडे व्हते त्याचे."

"म्हणजे डोळे उघडे ठेवून घोरत व्हते?"

दोघी माझ्याकडे बघायच्या. मी दोघींकडे बघायचो. मलाच कळेना, मी नक्की झोपतो की नाही! एका रात्री मला स्वप्न पडलं की मी जागा आहे. सकाळी उठून मी विचार करत बसलो, की याला जागरण धरायचं की झोप.

माझी धाकटी बहीण नंदा ठाण्याला नर्सिंग शिकून घरी आली होती आणि नोकरीची वाट बघत होती. घरात तिचंच जरा शास्त्रीय बोलणं.

"दादा, हा आजार असतो. निद्रानाश म्हणतात त्याला. डॉक्टरला दाखव."

"नाश-बिश बोलू नको गो घरात!" आई ओरडली आणि स्वतःच्या उपचारांना लागली. दुधात जायफळ झालं. काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले. (मला इतक्या गुदगुल्या झाल्या, की शेजारचेही जागे झाले.) उशी दक्षिणेला झाली, मग पूर्वेला झाली, मग कुणी म्हणालं उशीच नको. एका संध्याकाळी आई मुठीत मीठ-मोहरी घेऊन माझ्याभोवती फिरवायला लागली.

नंदा म्हणाली, "आई! आपल्यात असलं करतात का? विहारात काय सांगतात?"

"हे असलं तसलं काय नाय. हे नुसतं मीठ हाय," आई म्हणाली आणि ते चुलीत टाकलं.

विहारातल्या गुरुजींनी श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. पण मी पडलो स्टोअरचा माणूस! आत किती गेला, बाहेर किती आला, मध्ये कुठे राहिला तर नाही, अशी तपासणी सुरू झाली आणि उरलीसुरली झोपही उडाली. सासरे डोळखांबचे. त्यांना रानातल्या मुळ्यांची माहिती. ते खास दोन गाड्या बदलून एक मुळी घेऊन आले. उगाळून प्यालो. झोप आली नाही, पण रात्रभर जागं राहायला सबळ कारण मिळालं. सकाळी सासरे मुळी उलटसुलट करून म्हणाले, "अरे, ही बैलाचं पोट साफ करायची की काय?"

कारखान्यात वेगळंच संकट. जेवणाच्या सुट्टीत मी गोण्यांवर जरा टेकायचो. एकदा साहेबांना काही माल हवा होता, ते स्वतः आले. मी गोण्यांवर, चाव्या छातीवर. साहेबांनी शांतपणे सांगितलं, "पुन्हा झोपलेला दिसलास, तर कायमचा घरी जाऊन झोप." त्या वाक्याने मला अशी धडकी भरली, की नंदा म्हणाली तसा मी निमूटपणे डॉक्टरकडे निघालो. ती सोबत आली, कारण मी खरं सांगणार नाही याची तिला खात्री होती.

मुरबाडचे ते डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि विचारलं, "चहा किती पिता?"

"घरी एकच, साहेब."

"आणि बाहेर?"

मी छताकडे बघितलं. नंदा म्हणाली, "सांग ना दादा, पहाटेचा!"

आता आमच्याकडे पहाटे उठवायला आलेल्या माणसाला कोरडं पाठवत नाहीत. काशिनाथकाकांकडे एक कप, त्यांच्या भावाकडे एक, वरच्या आळीत दोन, मास्तरांकडे एक, आणि शेवटी साहेबरावाबरोबर ओट्यावर एक. एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाही म्हटलं तर ते रुसतात, "आमचा चहा गोड नाय लागत काय रे?" हे सगळं मी सांगितलं. डॉक्टर लिहीत होते, ते थांबले.

"दिवसा झोपता?"

"छे छे! दिवसा कुठली झोप? आता मुरबाडपर्यंत गाडीत जरा डोळा लागतो. सुट्टीत गोण्यांवर जरा. येताना गाडीत जरा. आणि घरी गेल्यावर भाकऱ्या होईपर्यंत जरा."

"म्हणजे रात्र सोडून सगळा वेळ तुम्ही झोपता."

"असं म्हटलं तर..."

"आणि एवढ्या लवकर उठवता कुणाला?"

"गावाला," नंदा म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुम्हाला आजार कमी आणि नोकरी जास्त आहे. तीही बिनपगारी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आधी काळजीने झोप गेली. मग झोप येईल की नाही याचीच काळजी लागली. मग गाडी चुकेल याची लागली. आता अंथरूण दिसलं की शरीराला वाटतं, चला, काळजी करायची वेळ झाली! (हे इतकं बरोबर होतं, की मला वाटलं यांनी आमच्या खोलीत येऊन बघितलंय.) दिवसा अजिबात झोपायचं नाही. दुपारनंतर चहा नाही, पहाटे तर नाहीच. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. खोलीत घड्याळ दिसता कामा नये. आणि गाव आपलं आपण उठेल.

"झोप ओढून आणता येत नाही हो," ते म्हणाले. "उलट एखाद्या रात्री फार त्रास झाला ना, तर डोळे उघडे ठेवून पडा आणि स्वतःला सांगा, आज झोपायचंच नाही."

मला वाटलं, डॉक्टर गंमत करतायत. मी त्यांचा मान राखून हसलो.

घरी आल्या आल्या संगीताने विचारलं, "इंजेक्शन दिलं?"

"नाय."

"गोळ्या?"

"नाय."

"सलाइन तरी?"

"नाय गो."

"मग गेलतात कशाला एवढ्या लांब?"

तरी ती बिचारी नियमांना पक्की. खोलीतलं गजराचं घड्याळ तिने उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि तांदळाच्या कणगीत खोल पुरून टाकलं. ते आमच्या लग्नात आहेर आलेलं घड्याळ, गावातलं बहुधा शेवटचं.

गावात मात्र बातमीने हाहाकार उडाला. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर मंडळी जमली. कुणी म्हणालं नाही, की भास्कर, बरा हो. काशिनाथकाका म्हणाले, "अरे, तू बरा झालास तर आमी काय करायचा?"

"काका, मला झोप नको?"

"झोप काय पळून जाते काय? भाजी सुकून जाते."

मास्तर म्हणाले, "भास्करराव, व्यक्तीपेक्षा समाज मोठा." (यांना मी गावात सगळ्यात शेवटी उठवायचो, त्यांना जास्त झोप मिळावी म्हणून!)

साहेबराव म्हणाला, "चहा नको ना तुला? मग कॉफी घे!"

शेवटी तडजोड झाली. नंदाला ठाण्याच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, सकाळी साडेनऊला हजर राहायचं होतं. तोपर्यंत मी गावाला उठवायचं. नंदाला गाडीत बसवून दिलं की मी मोकळा. मग गावाने आपापलं बघावं आणि मी झोपावं, अगदी सरणावर झोपल्यासारखं, असं काका म्हणाले.

नंदाची ही नोकरी म्हणजे घरातली पहिली सरकारी नोकरी. वडील असते तर त्यांनी आठ दिवस आधीच गाडीत जागा धरली असती. त्यांच्या पश्चात तिचं शिक्षण मी आणि आईने कसंबसं केलेलं. रात्री जेवताना मी तिला छातीवर हात ठेवून सांगितलं, "तू बिनघोर झोप. अख्ख्या गावाला उठवतो, तुला नाय उठवणार?"

"दादा, तुझ्यावर भरवसा हाय. पण मी घड्याळबी लावते."

तिने कणगीत हात घालून घड्याळ काढलं, चारचा गजर लावला आणि उशाशी ठेवलं. ती हातपाय धुवायला मागे गेली. तेवढ्यात संगीता आली. तिला घड्याळ दिसलं. डॉक्टरने काय सांगितलं आणि या घरात काय चाललंय, असं पुटपुटत तिने ते पुन्हा गुंडाळलं आणि कणगीत आधीपेक्षाही खोल पुरलं. नंदा आली आणि थकून तशीच झोपली.

मी अंथरुणावर पडलो. आज नियम बंद. आज धोका पत्करायचा नाही. मी डोळे टक्क उघडे ठेवले आणि स्वतःला बजावलं, भास्कर, आज झोपायचंच नाही!

त्यापुढचं मला सांगता येत नाही, कारण मी तिथे नव्हतो. मी झोपलो होतो.

पुढचं मला ज्याने त्याने नंतर सांगितलं, आणि प्रत्येकाने ओरडून सांगितलं. चारला कणगीत गजर वाजला. आईला जाग आली. तिला वाटलं, उंदीर शिरलाय आणि दात खातोय. तिने कणगीवर झाडूचा दांडा हाणला. आवाज थांबला. परत वळली, तर मी झोपलेला! तोंड उघडं, हातपाय ताणलेले, खरीखुरी झोप. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्या उशाशी बसली, गोधडी खांद्यापर्यंत ओढली आणि समाधानाने मनाशी म्हणाली, भास्कर झोपलाय, म्हणजे अजून रात बरीच हाय.

बाहेर थंडीचे दिवस, धुकं. काशिनाथकाकांना जाग आली होती. ते आडवे पडून माझी वाट बघत होते. मास्तर जागे होते. त्यांनी कोंबडा ऐकला. पण कोंबड्याचं चुकू शकतं, भास्कररावांचं नाही, असं म्हणून त्यांनी कूस बदलली. ओट्यावर कंडक्टर म्हणाला, "साहेबराव, उजाडल्यासारखं वाटतं."

साहेबरावाने पांघरुणातून एक डोळा काढला. "धुकं हाय ते. उजाडलं असतं तर भास्कर आला नसता?"

म्हणजे लक्षात घ्या! गाव झोपलेलं नव्हतं. अख्खं गाव टक्क जागं होतं, आणि आपापल्या अंथरुणात पडून मी उठवायची वाट बघत होतं!

आमच्या घराच्या कौलांत एक काचेचं कौल आहे. त्यातून उन्हाचा कवडसा थेट माझ्या तोंडावर आला. हा कवडसा मी याआधी कधी पाहिलाच नव्हता. तो येतो तेव्हा मी मुरबाडला असतो.

"आई, किती वाजले?"

"झोप रे बाळा," आई माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. तिच्या नाकावर ऊन पडलं होतं. "रात हाय अजून."

मी असा उडालो, की आईच मागे पडली. "नंदे! ऊठ! ऊन आलं!"

नंदा उठली, तिने कौलाकडे बघितलं आणि अशी किंकाळी फोडली, की संगीता गोधडीसकट उठून बसली. "माझं घड्याळ कुठाय?"

"कणगीत!" संगीता म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलं ना!"

"तरी म्हटलं, उंदीर एवढा टाइमावर कसा वाजला," आई म्हणाली.

मी लुंगी-बनियनवर बाहेर धावलो आणि रस्त्याने ओरडत सुटलो, "उठा! उठा! उशीर झाला!" आणि काय सांगू, दारं पटापट उघडली. "आला! भास्कर आला! चला, पावणेपाच झाले!" काशिनाथकाका लख्ख उन्हात बॅटरी पेटवून बाहेर आले. बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर मारून म्हणाले, "आज जरा उजेड जास्त वाटतो रे."

"काका, साडेसात झालेत!"

काकांनी सूर्याकडे बघितलं. मग त्याच्यावरही बॅटरी मारली. मग खाली बसले.

साहेबराव ओट्यावरून उठला, डोळे चोळले आणि ओरडला, "गाडी गेली?"

"गाडी तुमचीच हाय!" कंडक्टर म्हणाला.

गाडी चौकात दवाने भिजून उभी. त्यानंतर जे घडलं त्याला गाडी सुटणं म्हणत नाहीत. भाजीच्या पाट्या खिडकीतून आत गेल्या, मास्तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आले, नंदा एक वेणी घातलेली आणि एक सोडलेली अशी पळत आली. मी तिचे कागद आणि डबा तिच्या हातात द्यायला आत चढलो, आणि साहेबरावाने गाडी सोडली!

"अरे, मला उतरू दे! मी लुंगीवर हाय!"

"आता थांबणं नाय!" साहेबराव ओरडला. पण थांबावं लागलंच, कारण पुढे प्रत्येक फाट्यावर पाचपासून ताटकळलेली माणसं उभी होती. ती चढायची, ड्रायव्हरला शिव्या घालायची आणि ड्रायव्हर मागे बोट दाखवायचा, "त्याला इचारा! तो झोपला!" मी काकांच्या भेंडीच्या पाटीमागे बसलो. लोक पाटीपलीकडून वाकून बघायचे. "हाच काय तो?"

कंडक्टरला दया आली. त्याने पिशवीतला आपला जादा खाकी शर्ट दिला. तो घालून मी कल्याणला उतरलो, वर कंडक्टर आणि खाली लुंगी. एक बाई माझ्याकडे सुट्टे पैसे मागत गर्दीतून बरंच अंतर आल्या.

ठाण्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. दाराशी बसलेल्या माणसाने मानच हलवली. "नावं पुकारून झाली. आता पुढच्या वेळेला."

"साहेब, गाडी चुकली हो," मी म्हणालो.

त्याने माझ्या खाकी शर्टाकडे बघितलं. "गाडी चुकली? तुमची?" मग त्याने लुंगीकडे बघितलं आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

नंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्यासाठी एवढं सगळं केलेलं, आणि मी एका रात्रीसाठी नेमकं नको ते करून बसलो! वर्षभर झोप मागत होतो आणि आली ती हिच्या नोकरीवर. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात आतून मुलाखत घेणाऱ्या वयस्कर मॅडम बाहेर आल्या. "काय गोंधळ आहे?"

नंदाने डोळे पुसले आणि म्हणाली, "मॅडम, खोटं नाही सांगत. माझ्या भावाला निद्रानाश आहे. काल त्याला झोप लागली, म्हणून आमचं गाव उठलं नाही."

मॅडमनी चष्मा वर केला. "परत सांग."

तिने परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगावं लागलं, कारण दारावरच्या माणसालाही कळलं नव्हतं. मॅडमनी दार उघडून धरलं आणि म्हणाल्या, "आत ये."

आत पहिलाच प्रश्न आला, "निद्रानाशाच्या रुग्णाला काय सांगाल?" नंदाने काळजीपासून चहापर्यंत आणि दिवसाच्या डुलक्यांपासून घड्याळ लपवण्यापर्यंत सगळं धडाधडा सांगितलं, उदाहरणांसकट. मॅडम मध्येच हसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आणखी काही?" नंदा म्हणाली, "हो. घड्याळ लपवायच्या आधी गजर लावलाय का ते बघा." महिन्याभराने नेमणुकीचं पत्र आलं. आईने गावात पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं, "माझा भास्कर झोपला म्हणून झाला हो!"

माझं काय झालं? स्टोअरच्या चाव्या त्या दिवशी आमच्या घरी खुंटीला लटकत होत्या, आणि स्टोअर दिवसभर बंद! दुसऱ्या दिवशी साहेबांनी चाव्या काढून घेतल्या आणि मला पुन्हा जुन्या जागी बसवलं. मला इतका आनंद झाला, की साहेबांना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. चाव्या नाहीत, कुलूप नाही, मागचा दरवाजा नाही! आता मी रोज झोपणार होतो.

पण गावाने धसका घेतला होता. पुढच्या बाजारच्या दिवशी अख्खं गाव मुरबाडला गेलं आणि घरटी एक गजराचं घड्याळ घेऊन आलं. काशिनाथकाकांनी दोन आणली. आणि आता एकमेकांवर भरवसा उरलेला नसल्यामुळे प्रत्येकाने गजर शेजाऱ्याच्या थोडा आधी लावला. पहाटे तीनपासून या टोकाने सुरू होतं ते पावणेपाचपर्यंत त्या टोकाला थांबतं. पहिल्या गजराला लोक घड्याळावर हात मारतात आणि कुशीवर वळतात. उठतो फक्त मी. आणि उठलोच आहे म्हटल्यावर, निघतो एकेकाचं दार वाजवायला.

शेवटी पुन्हा मुरबाडला त्याच डॉक्टरांकडे गेलो. तोपर्यंत मोबाइल आले होते. संगीताने भाजीच्या खर्चातून वाचवलेल्या पैशांतून मलाही एक घेऊन दिला होता. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान हलवत राहिले. मग खुर्ची जरा पुढे ओढली, दार लावलंय का ते बघितलं आणि हळूच म्हणाले, "तुमचा नंबर काय हो? उद्या मला पहाटेच पुण्याला निघायचंय. एक मिस्ड कॉल द्याल?"

मी हे ऐकून काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. मी मोबाइल काढला, त्यांचा नंबर घातला आणि विचारलं, "किती वाजता देऊ?"